‘पुस्तकात असं नाहीये!’

ताई,
प्रश्न ऐकून हसाल, पण घरात खरोखरच धुसफूस चालू आहे म्हणून लिहिते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मी पंधराव्या वर्षी वाचलं आणि त्यातल्या फॅरामिरवर माझा जीव जडला. माझ्या मोठ्या भावाचं घरीदारी कौतुक, मी आपली मागे मागे, ते असो. लग्नाला दोन वर्षं झाली. नवऱ्याने पुस्तक वाचलेलं नाही. त्याच्या हौसेखातर आम्ही तिन्ही चित्रपट ओळीने बघायला घेतले. मी ते पूर्वी पाहिले होते आणि तेव्हाच चिडले होते. दुसऱ्या भागात फॅरामिर आला आणि मला राहवेना. सारखी रिमोट उचलून चित्रपट थांबवायचे आणि ‘पुस्तकात असं नाहीये’ म्हणून सुरू व्हायचे. शेवटी तो म्हणाला, ‘मला तर हा सगळ्यांत आवडला.’ माझं डोकंच फिरलं. ‘मग तुला काही कळलेलंच नाही,’ असं बोलून गेले. तो उठून झोपायला निघून गेला. तिसरा भाग अजून बघितलेला नाही. नंतर त्याने पुस्तक वाचायला मागितलं, तर मी म्हटलं, ‘राहू दे, तुझ्यासाठी नाही ते.’ आता तोही विषय काढत नाही आणि मीही नाही.

तीन गोष्टी सांगा. चांगली गोष्ट आयती हातात असताना हे चित्रपटवाले ती का बदलतात? इतक्या जुन्या चित्रपटावरून अजून संताप येणं हा वेडेपणा आहे का? आणि पुस्तक द्यायचंच झालं तर आधी ‘द हॉबिट’ द्यावं की थेट हेच? बदलांची यादी सोबत जोडली आहे, वाटल्यास बघा.
— फॅरामिरच्या बाजूची


प्रिय फॅरामिरच्या बाजूची,

हसले नाही. पुस्तकातल्या माणसापायी खऱ्या माणसाशी अबोला धरणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही आणि शेवटच्याही नसाल. फक्त एक झालंय. चित्रपटाविरुद्धची तक्रार आणि नवऱ्याविरुद्धची तक्रार तुम्ही एकाच गाठोड्यात बांधली आहे. ती आधी सुटी करू. पहिली तक्रार खरी आहे. दुसरी नाही.

ज्यांनी ना पुस्तक वाचलंय ना चित्रपट पाहिलाय, त्यांच्यासाठी दोन शब्द. फ्रोडो हा हॉबिट, म्हणजे एका बुटक्या जमातीतला. त्याच्याजवळ एक अंगठी आहे. तिच्या जवळपास येणाऱ्याला ती हवीशी वाटू लागते, आणि हवीशी वाटली की माणूस बिघडतो. गोंडोरचा कारभारी डेनेथॉर याचा थोरला मुलगा बोरोमिर या मोहापायी फ्रोडोच्या अंगावर धावून जातो. पुढे फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम नेमके बोरोमिरच्या धाकट्या भावाच्या, फॅरामिरच्या हाती लागतात. आता हा काय करतो?

पुस्तकात ही रात्र धबधब्याआडच्या गुहेत घडते. जेवणं उरकली आहेत, गप्पा चालल्या आहेत आणि बोलता बोलता सॅमच्या तोंडून अंगठीचं नाव निसटतं. फॅरामिर उठून उभा राहतो. डोळ्यांत चमक. म्हणतो, गोंडोरचा सेनानी फॅरामिर काय योग्यतेचा आहे हे दाखवायची संधी बरी चालून आली. फ्रोडो आणि सॅम भिंतीला पाठ लावून तलवारीच्या मुठी चाचपू लागतात. गुहेतली बाकीची माणसं बोलायची थांबतात. आणि फॅरामिर पुन्हा खुर्चीत बसतो नि हलकेच हसायला लागतो. बस, एवढंच. ही वस्तू रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, असं तो आधी बोलून गेलेला असतो. तेव्हा ती वस्तू नेमकी काय हे त्याला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं, तरी तो दिल्या शब्दाला जागतो.

चित्रपटात हे वाक्य आहे, जवळजवळ जसंच्या तसं. पण तिथे फॅरामिरच्या तलवारीचं टोक फ्रोडोच्या गळ्यातल्या साखळीत अडकलेलं आहे, अंगठी त्या टोकावर उचलली गेली आहे, आणि वाक्यामागोमाग हसू येत नाही. तो दोघांनाही धरून गोंडोरच्या ऑस्गिलियाथ शहरात नेतो. तिथून बापाला निरोप धाडायला सांगतो, फॅरामिरने मोठी भेट पाठवली आहे म्हणून. पुढे सोडतो त्यांना, पण बऱ्याच उशिराने.

म्हणजे शब्द ठेवले आणि अर्थ उलटा केला. प्रसंगाला सरळ कात्री लावली असती तर तुम्हाला इतकं लागलं नसतं, आणि मलाही नाही. शिवाय पुस्तकाच्या लेखकाने, टॉल्किननेच, एका पत्रात लिहून ठेवलंय की माझ्या पात्रांपैकी कुणी माझ्यासारखं असेलच तर तो फॅरामिर. १९४४ मध्ये, पुस्तक लिहून व्हायचं असतानाच, तो आपल्या मुलाला कळवतो की हा माणूस मी काही घडवलेला नाही, मला तो नकोही होता, पण आवडला. आपला इथिलियनच्या रानातून चालत आला. तेव्हा पंधराव्या वर्षीची तुमची निवड अगदीच वाया गेलेली नव्हती.

आता का बदलतात ते. ठरावीक उत्तरं तुम्हाला पाठ असतील. हजारावर पानांची कादंबरी, पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट हा ठोकताळा, मनातलं बोलणं कॅमेऱ्याला दिसत नाही, पैसे लावणाऱ्याला धास्ती. हा चित्रपट सुरुवातीला ज्या कंपनीकडे होता, तिने तर सगळी गोष्ट दोन तासांच्या एका चित्रपटात कोंबा म्हणून दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या मागे लकडा लावला होता. तो दुसरीकडे गेला म्हणून तीन भाग झाले. हे सगळं खरं असलं तरी फॅरामिरचं कोडं त्याने सुटत नाही. त्याला हसवून खाली बसवायला मिनिटभर पुरलं असतं. ऑस्गिलियाथच्या वारीत उलट कितीतरी जास्त मिनिटं गेली. वेळ नव्हता म्हणून असं झालं, हे इथे चालायचं नाही.

पटकथाकारांनी नंतर दोन कारणं सांगितली. पहिलं असं की या अंगठीपुढे कुणाचा टिकाव लागत नाही असं इतका वेळ ठसवायचं, आणि मग एका माणसाने ‘नको मला’ म्हणून मोकळं व्हायचं, याने तिची दहशत जाते. मला हे पटत नाही. पहिल्या भागाच्या अखेरीस फ्रोडो पुढे गोंडोरचा राजा होणाऱ्या अ‍ॅरागॉर्नपुढे तळहातावर अंगठी धरतो आणि अ‍ॅरागॉर्न त्याचीच मूठ मिटवून देतो. तिथे दहशत कुठे गेली? उलट अ‍ॅरागॉर्न कोण आहे ते तिथे कळलं.

दुसरं कारण मात्र वजनदार आहे, आणि तुमच्या यादीत त्याचा उल्लेख नाही. पुस्तकाचा दुसरा खंड शेलॉब या अजस्र कोळिणीच्या बोगद्यापाशी संपतो. टॉल्किनने फ्रोडोची वाटचाल एका भागात आणि बाकीच्यांची युद्धं दुसऱ्या भागात अशी वेगवेगळी सांगितली, त्यामुळे त्याचं निभावलं. चित्रपटाला दोन्ही शेजारीशेजारी दाखवायची होती. तसं करायचं तर तारखा जुळवाव्या लागतात, आणि तारखा जुळवल्या की शेलॉब तिसऱ्या खंडातल्या घटनांच्या जोडीला जाऊन बसते. ती तिसऱ्या चित्रपटात गेली, ते योग्यच झालं. पण मग दुसऱ्या चित्रपटाच्या शेवटी फ्रोडोच्या वाट्याला काही उरलंच नाही. एकीकडे पावसात हेल्म्स डीप किल्ल्याची लढाई पेटली आहे आणि दुसरीकडे गुहेत सभ्य माणसं सभ्यपणे बोलत बसली आहेत. तिथे काहीतरी अडायला हवं होतं. हाताशी होता फॅरामिर.

अडचण खरी होती हे मला मान्य आहे. तोडगा हाच होता हे मान्य नाही. शत्रूने वाट अडवता आली असती, त्यांच्या कपटी वाटाड्याचा, गोलमचा, कावा वाढवता आला असता. पण पटकथेत गोष्ट अडली की चांगल्या माणसाला थोडा वाकवणं सगळ्यांत सोपं पडतं, कारण नंतर त्याला सरळ केलं की प्रेक्षकाला काहीतरी घडल्यासारखं वाटतं. कल्पनारम्य कादंबऱ्यांवरच्या चित्रपटांत असल्या वाकवावाकवीला तोटा नाही.

आता यादी. ती मी पूर्ण वाचली, आणि तिच्यातल्या बहुतेक नोंदींवर काट मारा असं सांगणार आहे. ग्लोरफिन्डेल या योद्ध्याच्या जागी अ‍ॅरागॉर्नची प्रेयसी अर्वेन फ्रोडोला वाचवायला येते: येऊ दे, नाहीतर तिला चित्रपटभर नुसतं वाट बघत बसावं लागलं असतं. फ्रोडोला वाढवणाऱ्या बिल्बोच्या मेजवानीनंतर फ्रोडो घर सोडेपर्यंत पुस्तकात सतरा वर्षं जातात, ती चित्रपटात जात नाहीत: बरं झालं. हेल्म्स डीपला एल्फ या अमर जमातीचे लोक मदतीला येतात: मला आवडत नाही, पण त्याने गोष्टीचा कणा मोडत नाही. अशा पन्नास गोष्टींवर सारख्याच जोराने ओरडायचं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. मग खरा साप निघतो तेव्हा समोरच्याचे कान किटलेले असतात.

टॉल्किनची स्वतःची नजर याबाबतीत फार साफ होती. चित्रपटवाल्यांशी बोलताना त्याचं आणि त्याच्या प्रकाशकाचं धोरण ठरलेलं होतं: एकतर घसघशीत पैसे द्या, नाहीतर नको ते बदल रोखण्याचा हक्क द्या. १९५८ मध्ये त्याच्याकडे एक पटकथेचा आराखडा आला, त्यावर त्याने पानंच्या पानं शेरे लिहिले. एल्फांच्या लेम्बासला, त्या प्रवासातल्या रोटीला, कुणीतरी कारखान्यातल्या सत्त्वासारखं नाव दिलं होतं, त्यावरूनही तो उखडला. पण त्याच पत्रात तो म्हणतो की चालती झाडं, म्हणजे एण्ट, आणि हेल्म्स डीपचा वेढा या दोहोंना पुरेशी जागा देता येत नसेल तर एक काढून टाका. आणि काढायचंच तर वेढा काढा, मूळ कथेच्या दृष्टीने तो आनुषंगिक आहे. ज्या लढाईवर पुढे अख्खा दुसरा चित्रपट उभा राहिला, ती लेखक स्वतः द्यायला निघाला होता! काटछाटीचं त्याला वावडं नव्हतं. चित्रपट फसतात ते अतिशयोक्तीमुळे, आणि मूळ कृतीचा गाभा कुठे आहे हे न कळल्यामुळे त्यात नको ते घुसडल्याने, असं त्याचं म्हणणं.

तो गाभा दर पुस्तकात वेगळ्या ठिकाणी असतो, म्हणून याला सरसकट नियम लागत नाही. १९०० सालच्या ‘विझर्ड ऑफ ओझ’ या पुस्तकात ओझ या जादूच्या देशात जाणाऱ्या डोरोथीचे बूट चांदीचे आहेत. १९३९ च्या चित्रपटात ते माणकासारखे लाल झाले, कारण नव्या रंगीत तंत्रात लाल रंग उठून दिसत होता. आज त्यावर कोण रडतं? पण त्याच चित्रपटाने ओझ हे अखेर डोरोथीचं स्वप्न करून टाकलं. पुस्तकात तो देश खरा आहे. हा बदल मला बुटांपेक्षा कितीतरी मोठा वाटतो, आणि बोललं जातं ते बुटांबद्दलच. उलट उर्सुला ले ग्विनबाईंच्या ‘अर्थसी’ या पुस्तकमालेत रंग हाच कळीचा मुद्दा. त्यांनी नायक गेड आणि त्याच्या जगातली बहुतेक माणसं जाणूनबुजून सावळी, तांबूस-तपकिरी रंगवली होती. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेत गेड गोरा झाला. ‘चेहऱ्याने काय फरक पडतो’ असं तिथे म्हणून चालत नाही, लेखिकेने सगळा भार तिथेच टाकला होता.

तुमच्या यादीतल्या दोनच नोंदी मी ठेवीन. एक फॅरामिर. दुसरी शेवटची, हॉबिटांच्या मुलखाची, शायरची. पुस्तकात चौघे हॉबिट घरी परततात तेव्हा गुंडांनी गावाची धूळधाण केलेली असते, झाडं तोडलेली असतात, आणि जग वाचवून आलेल्या या पोरांना आपलं अंगण पुन्हा लढून मिळवावं लागतं. चित्रपटात गाव होतं तसंच हिरवंगार आहे, चौघे पेले घेऊन बसतात आणि आजूबाजूच्यांना काही पत्ताच नाही. तो छोटा प्रसंग आपल्या जागी सुंदर आहे. पण युद्ध दूर कुठेतरी होतं आणि घर शाबूत राहतं, असं तो सांगतो. पुस्तक याच्या नेमकं उलट सांगतं. फॅरामिरइतकाच, कदाचित जास्तच मोठा बदल. आणि त्याबद्दल तुम्ही यादीत जेमतेम एक ओळ लिहिली आहे, फॅरामिरबद्दल दीड पान. हे मी लक्षात ठेवलंय.

संताप येणं वेडेपणा आहे का, हा दुसरा प्रश्न. असेल तर वेड्यांची संगत बरी आहे. मिखाएल एन्डेच्या ‘नेव्हरएंडिंग स्टोरी’वर १९८४ मध्ये चित्रपट निघाला, तो साधारण अर्ध्या पुस्तकापाशी थांबतो. एन्डे इतका भडकला की त्याने कोर्टात धाव घेतली. खटला हरला. ले ग्विनबाईंनी ‘अर्थसी’च्या मालिकेविरुद्ध जाहीर लेख लिहिला. आणि चाहत्यांच्या कुरकुरीचा कधीच उपयोग होत नाही असंही नाही. पर्सी जॅक्सनच्या पहिल्या चित्रपटात, २०१० साली, बारा वर्षांचा नायक चांगला थोराड करून ठेवला. लेखक रिक रायर्डनने निर्मात्यांना आधीच लेखी बजावलं होतं, कुणी ऐकलं नाही. वाचक वर्षानुवर्षं बोलत राहिले. २०२३ मध्ये मालिका आली तेव्हा लेखक स्वतः त्यात होता आणि नायक पुन्हा लहान झाला.

ले ग्विनबाईंचा आणखी एक किस्सा तुमच्या कामाचा आहे. २००६ मध्ये त्याच पुस्तकांवर जपानमध्ये एक ॲनिमेशनपट निघाला. तो पाहून झाल्यावर तरुण दिग्दर्शकाने, गोरो मियाझाकीने, त्यांना विचारलं, आवडला का? त्यांनी सांगितलं की हे माझं पुस्तक नाही, हा तुमचा चित्रपट आहे, आणि चित्रपट चांगला आहे. पुढे त्यांनी सविस्तर लिहिलं, आणि त्यात कुठे निराशा झाली, गोष्ट कुठे हरवली, हे काहीही न लपवता मांडलं. समोरच्या माणसाशी त्या माणुसकीने वागल्या आणि कागदावर त्यांनी कसूर केली नाही. रागाचं काय करायचं याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

तुम्ही काय केलंत? कागदावर नुसती यादी केलीत आणि सगळी धार समोरच्या माणसावर वापरलीत.

इथे तुमच्या त्या वाक्याकडे येते. ‘मोठ्या भावाचं घरीदारी कौतुक, मी आपली मागे मागे, ते असो.’ ते असो कसं? फॅरामिरही धाकटाच. बापाच्या लेखी बोरोमिर म्हणजे सर्वस्व. पुढे एका प्रसंगात फॅरामिर त्याला तोंडावर विचारतो, आम्हा भावांच्या जागांची अदलाबदल झाली असती तर बरं, असं वाटतं का तुम्हाला? बाप हो म्हणतो. हे पुस्तकात आहे आणि चित्रपटातही आहे. फरक त्याच्या आधी पडतो. पुस्तकातला फॅरामिर गुहेत हसून खाली बसतो तेव्हा बघायला बाप नसतो, आणि बापाच्या कानावर गेलंच तर शाबासकी सोडाच, शिव्याच मिळतील याची त्याला कल्पना असते. त्याचा सरळपणा कुणाच्या कौतुकावर उभा नाही. चित्रपटातला फॅरामिर ‘मोठी भेट’ म्हणून निरोप पाठवतो. त्याला एकदा तरी मान वर करून बापासमोर जायचंय.

माझा अंदाज चुकत असेल तर सोडून द्या. मला वाटतं, पुस्तकातल्या फॅरामिरने तुम्हाला सांगितलं होतं की कौतुकावाचूनही माणसाचं चालतं, आणि त्या वयात ते तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. चित्रपटाने तो आधार काढला आणि त्या जागी उभं कुणाला केलं? निकाल हातात घेऊन धावत घरी येणाऱ्या, आणि घरात आधीच भावाचं कौतुक चाललेलं ऐकून दारातच थबकणाऱ्या पोराला. हे पोर तुमच्या ओळखीचं आहे का? असेल, तर त्याला पडद्यावर बघणं जड जाणारच. नुसता पटकथेतल्या चुकीचा राग इतकी वर्षं टिकत नाही. अर्वेनचा टिकला का?

यातून चित्रपट बरोबर ठरत नाही. मी निकाल दिलाय, तो फिरवत नाही. पण दुसऱ्या भागाची वाढीव आवृत्ती आहे, तिच्यात पाऊण तासाच्या आसपास भर घातली आहे. तिच्यात बाप, बोरोमिर आणि फॅरामिर तिघांचा एक जुना प्रसंग आहे. थोरल्याचा जयजयकार आणि धाकट्याला टोमणे. तो प्रसंग असताना हा फॅरामिर निदान समजतो. शेवटी सॅम त्याला सांगतो की तुम्ही तुमची योग्यता दाखवलीत, अगदी सर्वोच्च. पुस्तकातला हा शेरा मूळ चित्रपटात गाळला होता, इथे परत आला आहे. तुमच्या पत्रावरून तुम्ही चित्रपटगृहातली आवृत्तीच पाहिलेली दिसते. ही बघा. एकटीने बघितलीत तरी चालेल.

राहता राहिला नवरा. त्याचा गुन्हा काय? त्याला फॅरामिर सगळ्यांत आवडला. इतक्या मोठ्या गोतावळ्यातून, तलवारबहाद्दर आणि जादूगार बाजूला ठेवून, त्याने तुमच्याच माणसावर बोट ठेवलं, आणि तुम्ही त्याला उठवून घालवलंत. का आवडला हे तुम्ही विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. असेल त्याचंही काही. दोन वर्षांच्या संसारात ते तुम्हाला माहीत नसेल तर ही चालून आलेली संधी आहे, असं मी तरी म्हणेन. विचारा, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत ‘पुस्तकात’ हा शब्द काढू नका.

‘तुला काही कळलेलंच नाही’ हे मागे घ्या. गोलगोल नाही, सरळ. आणि ‘तुझ्यासाठी नाही ते’ हे त्याहून आधी मागे घ्या. या वाक्याची चव तुम्ही घरी चाखलेली असावी असा मला संशय आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

पुस्तक त्याला द्या. तुमचीच प्रत द्या, समासात खुणा केल्या असतील तर खुणांसकट. फॅरामिरच्या पानात कागदाची पट्टी घालून देऊ नका. ‘कुठवर आलास’ म्हणून मागे लागू नका. तो चित्रपटातले चेहरे डोळ्यांसमोर ठेवून वाचेल, तसंच वाचू दे. दोघांना एकाच दारातून आत जाता येत नाही. आणि वाचून झाल्यावरही त्याला पडद्यावरचाच फॅरामिर जवळचा वाटला, तर वाटला. तिसरा भाग एकत्र बघा, रिमोट त्याच्या हातात द्या. शायरच्या वेळी तुमच्या जिभेवर येईलच. तेव्हा एक वही जवळ ठेवा आणि नुसतं ‘पुस्तकात असं नाहीये’ लिहून थांबू नका. काय होतं, काय केलं, त्याने काय गेलं, हे पूर्ण लिहा. फॅरामिरवरच्या त्या दीड पानात तुम्ही हे करून दाखवलंय, म्हणून तर मला इतकं उत्तर लिहावंसं वाटलं. त्याने पुस्तक संपवलं की ती वही त्याला वाचायला द्या. तोवर भांडायलाही त्याच्याकडे मुद्दे असतील आणि भांडणाला मजा येईल.

शेवटचा प्रश्न सोपा. थेट द्या. ‘द हॉबिट’ १९३७ चं, मुलांसाठी लिहिलेलं, गोड पुस्तक आहे, पण अंगठीचं ओझं बघून आलेल्या माणसाला त्याचा खेळकर सूर सुरुवातीला भलताच वाटेल. ते नंतर. सुरुवातीला हॉबिटांच्या चालीरीतींवर जे लांबण आहे ते बेलाशक ओलांडून जा म्हणावं, मागे वळून वाचता येतं. आणि पहिल्या खंडात तो टॉम बॉम्बाडिलच्या गाण्यांपाशी अडकून पडला आणि ‘हा चित्रपटात नव्हता तेच बरं’ असं म्हणाला, तर लगेच वही उघडू नका. तेवढ्यापुरती मी त्याच्या बाजूची आहे.